रॉक अँड रोल, व्हाया धारवाड

रॉक अँड रोलच्या इतिहासातले 'अविस्मरणीय क्षण' अशी यादी कुणी केली की त्यात काय काय येणार हे आता आपल्याला तोंडपाठ झालंय. जुलै १९५४. मेम्फिसच्या एका टीचभर स्टुडिओत एल्विस प्रेस्लीची पहिली व्यावसायिक रेकॉर्ड तयार होते. ३ फेब्रुवारी १९५९. बडी हॉलीचं विमान कोसळतं. ९ फेब्रुवारी १९६४. बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर गातात आणि सुमारे सात कोटी तीस लाख माणसं ते बघतात. २५ जुलै १९६५. न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहतो आणि श्रोत्यांतले काही जण हुर्यो उडवतात. मग १९६९ चं वुडस्टॉक, तिथला चिखल, तिथली चार लाखांची गर्दी... आणि यादी संपते.

या याद्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यातले बहुतेक क्षण गाणाऱ्यांचे असतात. ऐकणाऱ्याचा क्षण त्यात फारसा सापडत नाही. खरं तर या सगळ्या इतिहासाला सुरुवात झाली ती ऐकणाऱ्यांपासून. एका गावात, एका दुकानापाशी किंवा एखाद्या घराच्या खिडकीखाली, एक पोरगा उभा राहतो. यंत्रातून आवाज येतो. तो आवाज त्याच्या घरातला नाही, त्याच्या जातीतला नाही, कधीकधी त्याच्या भाषेतलाही नाही. पण तो ऐकल्यावर पोरगा पहिल्यासारखा राहत नाही. रॉक अँड रोल हे अशा पोरांनी घडवलेलं संगीत आहे.

आणि अशी पोरं अमेरिकेतच जन्मली असं थोडंच आहे? आपल्या शेजारी, घाट चढून गेल्यावर, हुबळी-धारवाडला हेच नाट्य एल्विसच्या आधी वीस-तीस वर्षं घडून गेलं होतं. वास्कोहून गाडीत बसा. कुळे, दूधसागर, मग कॅसल रॉक (बघा, 'रॉक' तर वाटेतच लागतो!), लोंढा, अळणावर आणि धारवाड. तिथून वीसेक किलोमीटरवर हुबळी. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर ती 'हुब्बळ्ळी' झाली असली, तरी आपल्या तोंडी हुबळीच आहे, म्हणून इथंही तेच लिहितो.

आता हे सगळं धारवाडलाच का घडावं? त्याचं उत्तर बरंचसं नकाशात आहे. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात आणि नंतर मुंबई राज्यात होता. घरात कानडी आणि कचेरीत, नाटकात बरीचशी मराठी. सदर्न मराठा रेल्वेचं मुख्यालय धारवाडला होतं. मराठी संगीत नाटक मंडळ्यांचा हा हक्काचा मुलूख. उत्तरेतले गवई दसऱ्याला म्हैसूरच्या दरबारात जायचे, तेव्हा जाता-येता त्यांचा मुक्काम याच पट्ट्यात पडायचा. किराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ त्यांतलेच एक. हुबळीपासून वीसेक किलोमीटरवरच्या कुंदगोळचा एक मुलगा त्यांना शिष्य म्हणून मिळाला. रामभाऊ त्याचं नाव. कुंदगोळ तेव्हा जमखंडी संस्थानात होतं. रामभाऊंचे वडील तिथल्या नाडगीर वाड्यावर कारकुनी करत. हे रामभाऊ पुढे मराठी रंगभूमीवर गाजले आणि 'सवाई गंधर्व' झाले. ही पदवी त्यांना अमरावतीला दादासाहेब खापर्ड्यांनी दिली. कानडी मुलाला मराठी नाटकानं नाव द्यावं आणि त्याचं गाणं हिंदुस्थानी असावं, हा धारवाडी मामला आहे. सगळं सरमिसळ. मेम्फिसलाही असंच होतं. मिसिसिपी नदीच्या काठावरच्या त्या गावात काळ्यांचं ब्लूज आणि गोऱ्यांचं गावरान गाणं शेजारी शेजारी नांदत होतं. एल्विसच्या पहिल्या रेकॉर्डच्या एका बाजूला आर्थर क्रुडप या काळ्या ब्लूज गायकाचं गाणं होतं आणि दुसऱ्या बाजूला बिल मन्रो या गोऱ्या लोकसंगीतकाराचं. सरमिसळ तिथंही!

पण नुसत्या नकाशानं भागत नाही, यंत्रही लागतं. १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग ग्रामोफोन कंपनीचं सामान घेऊन कलकत्त्याला उतरला आणि त्यानं गौहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं. सुरुवातीला तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जायच्या. १९०८ पासून कलकत्त्यातल्या कारखान्यात त्या इथंच निघू लागल्या. त्या तबकड्या व्हायच्या लाखेच्या, आणि जगाला लाख पुरवणारा मोठा देश कोणता? हिंदुस्थानच. म्हणजे ७८ फेऱ्यांच्या ज्या रेकॉर्डवर जगभरची पोरं वेडी झाली, तिच्यात आपल्या जंगलातल्या किड्यांची मेहनत होती! पुढे व्हिनाइल आलं, ७८ च्या तबकड्या जगातून हद्दपार होत गेल्या. तरी १९६० च्या दशकात बीटल्सची गाणी हिंदुस्थानात ७८ च्या तबकडीवरही निघत होती. हातानं चावी देऊन वाजवायचे ग्रामोफोन घराघरांत होते, त्यांना वाऱ्यावर कसं सोडणार? बीटल्सची ती हिंदुस्थानी तबकडी आज जगभरचे शौकीन शोधत फिरतात.

या तबकडीची एक अट होती. एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात काय ते सांगायचं. रॉक अँड रोलचं गाणं अडीच-तीन मिनिटांचं का, याचं मूळही बरंचसं इथंच आहे. तिकडे त्या मापातच गाणी जन्माला आली. इकडे मात्र तास-दीड तासाचा ख्याल त्या मापात कोंबायचा होता. पुष्कळ गवयांनी नाक मुरडलं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मात्र त्या तीन मिनिटांत अख्खा राग उभा केला. १९२५ नंतर मायक्रोफोननं ध्वनिमुद्रण होऊ लागलं, तेव्हा कर्ण्यात तोंड घालून ओरडायची गरज उरली नाही. खाँसाहेबांचा नाजूक, टोकदार, किंचित अनुनासिक आवाज त्या मायक्रोफोनसाठीच घडवला असावा असं वाटतं. त्यांच्या रेकॉर्डी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

तर नकाशा झाला, यंत्र झालं. आता ऐकणारे.

पहिला क्षण एका मुलीचा. गंगूबाई हनगल ५ मार्च १९१३ ला धारवाडला जन्मल्या. शुक्रवार पेठेत वाढल्या. आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचं गाणं उत्तम गायच्या, इतकं की अब्दुल करीम खाँसाहेबही त्यांचं गाणं ऐकायला घरी यायचे. घरात असं गाणं असताना ही पोरगी मात्र रस्त्यावर कुठे ग्रामोफोन वाजू लागला की धावत सुटायची. तिला ओढ होती हिंदुस्थानी गाण्याची. तिच्या आईनं काय करावं? लेकीच्या गळ्यावर दुसरा संस्कार नको म्हणून अंबाबाईंनी स्वतःचं कर्नाटक गाणंच बंद केलं! रॉकच्या इतिहासात मुलाच्या गाण्यासाठी गिटार घेऊन देणाऱ्या आया पुष्कळ आहेत. पण मुलीनं रस्त्यावरच्या यंत्रातून ऐकलेल्या गाण्यासाठी स्वतःचं गाणं सोडणारी आई माझ्या वाचनात दुसरी नाही.

१९२८ च्या सुमारास हे कुटुंब हुबळीला आलं. पुढे गंगूबाई सवाई गंधर्वांकडे शिकू लागल्या. हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला जायचं, शिकायचं आणि परत यायचं. १९३० च्या दशकात त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्डी निघाल्या, त्यांतल्या काहींवर नाव छापलंय 'गांधारी'. जी. एन. जोशींबरोबर मराठी भावगीतंही त्या गायल्या. त्या तबकड्यांवरचा आवाज बारीक, उंच आणि गोड आहे. आपल्याला माहीत असलेला गंगूबाईंचा तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी आवाज त्यांच्या घशाच्या आजारानंतर आणि शस्त्रक्रियेनंतरचा. दुसरी एखादी असती तर गाणं सोडून घरी बसली असती. त्यांनी त्या नव्या आवाजातून नवं गाणं घडवलं आणि पुढची साठ-सत्तर वर्षं त्याच आवाजात गायल्या. पहिला आवाज कायमचा गेला. तो उरलाय फक्त लाखेच्या तबकडीवर.

दुसरा क्षण एका मुलाचा. हा सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो. गदगचा भीमसेन जोशी. वडील शिक्षक. एका दुकानात त्यानं अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतल्या ठुमरीची रेकॉर्ड ऐकली आणि असं गाणं आपल्याला आलंच पाहिजे, या ध्यासानं १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो घर सोडून पळाला. (पानात तूप कमी पडलं म्हणून आईवर रुसला, ही त्या गोष्टीची फोडणी!) खिशात पैसे नाहीत. विनातिकीट गाडीत बसायचं, पकडलं की गाऊन दाखवायचं. विजापूर, पुणे, ग्वाल्हेर करत करत स्वारी पोचली जालंधरला. तिथल्या संगीत संमेलनात विनायकबुवा पटवर्धनांची गाठ पडली. त्यांनी विचारपूस केली आणि सांगितलं की अरे, तुझ्या घराजवळ सवाई गंधर्व बसलेत, तू इतक्या लांब काय शोधतोयस? १९३६ साली भीमसेन कुंदगोळला गुरूच्या दारात उभा राहिला. पाणी भरलं, पडेल ते काम केलं, आणि मग गाणं मिळालं. तीन वर्षं देशभर वणवण, आणि गुरू गदगहून काही स्टेशनं पलीकडे.

आता याच्या शेजारी दोन क्षण ठेवून बघा. १९५३ चा उन्हाळा. मेम्फिसमध्ये अठरा वर्षांचा एल्विस जवळजवळ चार डॉलर भरून स्वतःच्या आवाजाची एक तबकडी करून घेतो. त्याला गुरू नाही, घराणं नाही. जे काही शिकला ते चर्चमध्ये, रेडिओवर आणि रेकॉर्डींतून. दुसरा, १७ ऑक्टोबर १९६१. लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर मिक जॅगर उभा आहे. काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्डी, तिथं सहजी न मिळणाऱ्या. शाळेतला जुना ओळखीचा कीथ रिचर्ड्स त्या बघतो आणि बोलणं सुरू होतं. रोलिंग स्टोन्सचा जन्म त्या फलाटावर झाला असं म्हणतात.

या तिन्ही गोष्टींत रेकॉर्ड आहे आणि दोहोंत आगगाडीही. फरक पुढे आहे. मिक आणि कीथला त्या रेकॉर्डीच पुरेशा होत्या. सुई उचलायची, पुन्हा ठेवायची, तोच तुकडा शंभरदा ऐकायचा, की झालं शिक्षण. भीमसेनला रेकॉर्ड पुरली नाही. तिनं त्याला फक्त तहान लावली, पाणी कुंदगोळलाच होतं. तबकडीत स्वर सापडतो, पण तिथपर्यंत पोचायची वाट तिच्यात नसते. साडेतीन मिनिटांच्या त्या झिंझोटीमागे किती वर्षांची मेहनत उभी आहे, ते तबकडी सांगत नाही.

म्हणून इकडे नुसत्या तबकडीवर वाढलेलं मूल नव्हतंच असं मात्र नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजे आपले कुमार गंधर्व. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून तो त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. एक हरकत इकडची तिकडे नाही. लोक तिकिटं काढून यायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर 'कव्हर आर्टिस्ट', तोही सात-आठ वर्षांचा! पण पुढे त्याला मुंबईत देवधर मास्तरांकडे जावं लागलं. आणि त्यानंतर त्यांनी जे गाणं घडवलं ते कुणाच्याच रेकॉर्डीसारखं नव्हतं. बीटल्सही हॅम्बुर्गच्या बारमध्ये रात्र रात्र दुसऱ्यांचीच गाणी गात होते. नक्कल हा दोन्हीकडे पहिला मुक्काम. तिथंच जे थांबले त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत.

धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर यांचीही चाल अशीच. मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकून तयार झालेला, रेकॉर्डी निघालेला तरुण गवई. तो मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांचा गंडा बांधतो आणि पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसतो. १९३७ साली मंजी खाँ गेले, तर त्यांचे भाऊ भुर्जी खाँ यांच्याकडे. नाव झालेल्या माणसानं पुन्हा पाटी पुसून बसायचं, हे मला डिलनच्या इलेक्ट्रिक गिटारपेक्षा जास्त धाडसाचं वाटतं. त्याला हुर्यो उडवणारे तरी समोर होते. मन्सूरांच्या त्या निर्णयाला साक्षीदार फक्त तानपुरा.

त्याच १९३७ सालचा आणखी एक क्षण. अब्दुल करीम खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत छातीत दुखू लागलं. सिंगापेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले, फलाटावर बैठक घातली, दरबारीत ईश्वराची आळवणी केली आणि तिथंच गेले. २७ ऑक्टोबर १९३७. पुढे मिरजेला त्यांना मूठमाती दिली. बडी हॉलीच्या विमानाच्या दिवसाला अमेरिकेत 'संगीत मेलं तो दिवस' म्हणतात. आपण खाँसाहेबांच्या दिवसाला तसं काही नाव दिलं नाही. नसेल दिलं. त्यांच्या शिष्याच्या दारात गदगचा तो पोरगा वर्षभर आधीच येऊन पोचला होता, संगीत मरणार कुठून?

मग आला रेडिओ. ८ जानेवारी १९५० ला आकाशवाणीचं धारवाड केंद्र सुरू झालं. मन्सूर, गंगूबाई, बसवराज राजगुरू अशी माणसं त्या एका केंद्रावर ऐकायला मिळू लागली. त्याच सुमारास अमेरिकेत क्लीव्हलंडला अॅलन फ्रीड रात्री रेडिओवरून काळ्यांचं 'ऱ्हिदम अँड ब्लूज' गोऱ्यांच्या पोरांना ऐकवत होता, त्याला 'रॉक अँड रोल' म्हणत होता. २१ मार्च १९५२ ला त्यानं ठेवलेल्या जलशाला इतकी गर्दी लोटली की तो अर्ध्यात बंद करावा लागला. त्याला पहिला रॉक अँड रोल जलसा म्हणतात. रेडिओला दार नसतं, हे त्याचं खरं बळ. कोण ऐकतंय हे त्याला दिसत नाही, म्हणून तो कुणाला बाहेर काढू शकत नाही. रात्री मध्यम लहरींवर धारवाड केंद्र घाट उतरून गोव्यातही यायचं. आमच्याकडच्या रेडिओवरही ते लागायचं. निवेदन कानडीत, ओ की ठो कळायचं नाही. पण गाणं सुरू झालं की कानडी-मराठीचा प्रश्नच उरायचा नाही.

आता त्या याद्यांकडे परत येतो, कारण माझी खरी तक्रार अजून सांगायची आहे. कोण यादीत आहे, आणि कोण नाही?

रॉक अँड रोलचा जनक म्हणून एल्विसचं नाव घेतात. पण इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून चर्चचं गाणं नाचऱ्या ठेक्यावर गाणारी सिस्टर रोझेटा थार्प त्याच्या आधीची. तिच्या १९४४ च्या एका रेकॉर्डला कित्येक जाणकार रॉक अँड रोलची नांदी मानतात. १९७३ साली ती गेली, तेव्हा तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो बसला पस्तीस वर्षांनी. रॉक अँड रोलच्या कीर्तिमंदिरात तिचं नाव लागलं ते २०१८ मध्ये. एल्विसचं 'हाउंड डॉग' जगानं डोक्यावर घेतलं १९५६ साली. पण ते गाणं लिहिलं गेलं होतं बिग मामा थॉर्नटनसाठी. तिनं ते १९५२ सालीच गाऊन ठेवलं होतं. तिचं नाव कीर्तिमंदिरात आलं २०२४ मध्ये, मरणानंतर चाळीस वर्षांनी. दोघी काळ्या, दोघी बायका.

गंगूबाईंची गोष्ट याहून निराळी नाही. गाणं हा ज्यांच्या घरातल्या बायकांचा पिढीजात व्यवसाय, त्या घरातल्या त्या. लहानपणी शेजारच्या बागेतले आंबे चोरताना पकडल्या गेल्या. मालक भडकला तो आंबे गेले म्हणून नव्हे, गाणाऱ्या बाईची पोर आपल्या बागेत शिरली म्हणून. तीच माणसं पुढे सन्मानानं घरी जेवायला बोलवू लागली, हे त्या हसत सांगायच्या. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथं स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत त्या होत्या. अकरा वर्षांच्या त्या मुलीच्या मनात धाकधूक होती ती सुराची नव्हे. जेवणं झाल्यावर आपल्याला उष्टी तर उचलायला लावणार नाहीत ना, याची.

त्यांचं एक म्हणणं गोवेकरांनी तरी विसरू नये. त्या म्हणायच्या, गवई मुसलमान असला की तो उस्ताद होतो, हिंदू असला की पंडित होतो. पण केसरबाई आणि मोगूबाई या बाईच राहतात. नावं कुणाची घेतली बघा. दोन्ही आपल्या. एक फोंड्याजवळच्या केरीची. दुसरी कुर्डीची, जे गाव साळावलीच्या धरणाखाली गेलं आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की तेवढं वर येतं. हुबळीच्या बाईनं गोव्याच्या बायांच्या वतीनं केलेली ही तक्रार आहे. आपण गोवेकरांनी ती कितपत केली?

वुडस्टॉक १९६९ चं. सवाई गंधर्व गेले १२ सप्टेंबर १९५२ ला, आणि १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावानं महोत्सव सुरू झाला. भीमसेनांनी तो आयुष्यभर वाहिला. रात्र रात्र चालणारं गाणं, हजारोंची गर्दी, पहाटेचा गारठा, चहाच्या टपऱ्या. वुडस्टॉकच्या सोळा वर्षं आधी! वुडस्टॉकचा शेवट सोमवारी सकाळी जिमी हेंड्रिक्सच्या गिटारनं झाला, तेव्हा गर्दी बरीचशी ओसरली होती. सवाईचा शेवट मात्र एका रेकॉर्डनं करायचा रिवाज आहे. सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी तबकडी लावतात. मोठमोठे कलाकार गाऊन गेलेले असतात, आणि शेवटी हजारो माणसं खरखरत्या आवाजातली तीन मिनिटं ऐकत गप्प बसतात. पुन्हा तेच यंत्र आणि तेच ऐकणारे.

आणि याद्याच करायच्या तर एक यादी मला मान्य आहे. ती नासानं १९७७ साली केली. व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक एक तबकडी बसवली. पृथ्वीवरच्या माणसांचं गाणं कसं असतं ते दूरच्या कुणाला तरी कळावं म्हणून. तीवर रॉक अँड रोलचं एकच गाणं आहे, चक बेरीचं 'जॉनी बी. गुड', १९५८ चं. आणि हिंदुस्थानी संगीतातलंही एकच, साडेतीन मिनिटांची भैरवी. गायिका केसरबाई केरकर. रेकॉर्डी मोजक्याच केलेल्या बाई. लहानपणी आठेक महिने त्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडेच शिकल्या होत्या, म्हणजे धारवाडकडे गेलेल्या वाटेचं एक टोक इथंही आहे. पुढे त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या, म्हणून मन्सूरांच्याही घराण्यातल्या.

दुसरं यान, म्हणजे व्हॉयेजर १, सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, अकराच दिवसांनी. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं आणि अजून चाललंय. मिसूरीचा काळा गिटारवाला आणि केरीची बाई एकाच तबकडीवर. तबकडीवर 'उस्ताद' नाही, 'पंडित' नाही. केसरबाईंच्या नावामागे एक शब्द तेवढा आहे, 'सूरश्री'.